सतरावा अध्याय आणि एक निकाल

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



दत्तजयंतीच्या या अंकात दरवर्षी अनुभवाचे लेख येतात. कोणाला गाणगापुरी आलेली प्रचिती, कोणाचं बरं झालेलं दुखणं, कोणाला वाटेत भेटलेला अनोळखी माणूस. मी हे लेख आवडीनं वाचत आलो आहे. यंदा मंडळींनी मला लिहायला सांगितलं, तेव्हा दोन दिवस मी टाळाटाळ केली. कारण माझा अनुभव चमत्काराचा नाही. माझ्या हातून घडलेल्या एका चुकीचा आहे आणि ती चूक महाराजांनी मला पोथी वाचता वाचता कशी दाखवली, याचा आहे. आपल्यापैकी बरेचजण माझ्याच वयाचे, घरात नातवंडं असलेले. म्हणून लिहावंसं वाटलं.

मी बी.कॉम. झालेला माणूस. बँकेत अडतीस वर्षं कारकुनी केली. त्यातली बरीच तलासरीला, शेवटची डहाणूला. तलासरीच्या काउंटरवर रोज वारली, धोडी, कोकणा खातेदार यायचे. अंगठ्यासाठी शाईची पेटी आमच्या टेबलावर कायम उघडीच असायची. एकदा एक म्हातारा खातेदार पैसे काढून झाल्यावर जागचा हलेना. कमरेच्या फडक्यातून त्यानं घडी घातलेला एक कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. म्हणाला, "साहेब, यात काय लिवलंय?" कागद त्याच्या जमिनीचा होता. कुठल्या तरी कचेरीची नोटीस. मी वाचली, पण तिचा अर्थ मला सांगता येईना. मागे रांग लागलेली. मी म्हटलं, "बाबा, वकिलाला दाखवा." तो म्हणाला, "वकील कुठं भेटंल?" मी डहाणूला कोर्टाकडे जायला सांगितलं आणि पुढचं व्हाउचर हातात घेतलं. तो पुन्हा काही मला दिसला नाही.

ही गोष्ट मी माझ्या नातीला ती लहान असताना बरेचदा सांगितली. एकदा ती म्हणाली, "आजोबा, मी वकील होईन आणि त्या बाबाचा कागद वाचीन." वय वर्षं नऊ. मुलं असं बोलतात आणि विसरतात. मी मात्र ते वाक्य उचललं आणि मनात जपून ठेवलं. खरं सांगायचं तर तरुणपणी मलाच कायदा शिकायचा होता. वडील गेले, नोकरी मिळाली, विषय संपला. तो अर्धवट राहिलेला विषय मी नातीच्या नावावर लिहून टाकला आणि तिला विचारलंसुद्धा नाही. देवळात, बाजारात, स्टेशनवर भेटेल त्याला सांगत सुटलो, "आमची नात वकील होणार."

बारावीच्या वर्षी तिनं राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेशासाठी असलेली क्लॅट परीक्षा द्यायचं ठरवलं. २००८ पासून ही परीक्षा देशभर एकत्र होते. दोन तास, १२० प्रश्न. उतारे वाचून उत्तरं द्यायची, तीही इंग्रजीत. बरोबर उत्तराला एक गुण, चुकलेल्याला पाव गुण वजा. आमची पोर दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. क्लास लावला. पोर पहाटे उठायची, वर्तमानपत्राचं संपादकीय मोठ्यानं वाचायची. मीही मागे राहिलो नाही. महाराजांना बोललो, "या पोरीला सीट मिळू दे, येत्या दत्तजयंतीला सप्ताहात संपूर्ण गुरुचरित्र वाचीन."

परीक्षा १ डिसेंबर २०२४ला, रविवारी दुपारी झाली. दत्तजयंती त्या वर्षी १४ डिसेंबरला होती. निकाल लागला तो सप्ताह बसायच्या आदल्या रात्री. जेवणं झाली होती. नातीनं फोनवर पाहिलं आणि फोन पालथा ठेवला. मुलानं विचारलं, "किती?" ती म्हणाली, "४६.७५." १२० पैकी. नंबर इतका लांबचा की कुठल्याच विद्यापीठाच्या यादीत नाव येणं शक्य नव्हतं.

सून म्हणाली, असू दे. मुलगा गप्प बसला. आणि मी, घरातला सर्वांत वडील माणूस, रोज सकाळी दत्तबावनी म्हणणारा, मी बोललो, "झालं! आता बी.कॉम. कर आणि बस माझ्यासारखी काउंटरला. वकील व्हायला डोकं लागतं."

ती काही बोलली नाही. उठून आत गेली. सौ. माझ्याकडे बघत राहिली. मी पुडीतली सुपारी तोंडात टाकली.

दुसऱ्या दिवशी आमच्या दत्तमंदिरात सप्ताह बसला. संकल्प सोडताना माझा हात जड होता. सीट तर मिळाली नव्हती, मग हे पारायण कशाचं? पण नाव दिलं होतं, आसन मांडलं होतं. पहिला दिवस मी नुसता वाचत गेलो. ओठ हलत होते, चित्त घरी. नात खोलीतून बाहेर येत नव्हती.

दुसऱ्या दिवशीच्या वाचनात सतरावा अध्याय येतो. आपण सगळ्यांनी तो कितीदा वाचला असेल. करवीरच्या एका विद्वान ब्राह्मणाचा मुलगा. आईबाप लहानपणीच गेले. मुंज झाली, पण विद्या काही येईना. लोक टोचून बोलू लागले. बाप एवढा पंडित आणि हा असा दगड! ते ऐकून ऐकून पोर विटलं आणि घर सोडून निघालं. भिलवडीला भुवनेश्वरीच्या देवळात येऊन अन्नपाणी सोडून धरणं धरून बसलं. देवी बोलेना, तेव्हा त्यानं स्वतःची जीभ कापून तिच्या पायाशी ठेवली आणि म्हणालं की आता शिरही कापून देईन. मग देवीनं स्वप्नात त्याला सांगितलं, कृष्णेच्या पलीकडे औदुंबराखाली एक यती आहेत, त्यांच्याकडे जा. पोर नदी ओलांडून गेलं. श्रीनृसिंहसरस्वती महाराजांनी त्याच्या मस्तकावर हात ठेवला. जीभ परत आली, विद्याही आली.

लहानपणापासून मी हा अध्याय विद्या मिळण्याचा अध्याय म्हणून वाचत आलो. मुलांच्या परीक्षा आल्या की अनेक घरांत तो मुद्दाम वाचतात. पण त्या दिवशी जीभ कापल्याच्या ठिकाणी मी आलो आणि माझीच जीभ जड झाली. आजवर मला वाटायचं, केवढी ही त्या मुलाची भक्ती! त्या दिवशी वेगळंच दिसलं. पोरानं जीभ कापली खरी, पण ती कापायला लावली कोणी? गावच्या लोकांच्या जिभांनी. ज्या जिभा थांबायला हव्या होत्या त्या शाबूत राहिल्या आणि ज्या पोराची काही चूक नव्हती त्याची जीभ देवीच्या पायाशी पडली. त्या गावच्या लोकांची नावं पोथीत नाहीत. मला वाटलं, त्यात एक नाव माझंही असू शकेल.

आणि पुढचं वाक्य आठवून तर अंगावर काटाच आला. "शिरही देईन." सज्जनहो, निकालाच्या दिवसांत वर्तमानपत्रं काय बातम्या छापतात, हे आपण वाचतो आणि पान उलटतो. आपल्या घरात असं काही होईल, असं कोणालाच वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं.

वाचन अर्ध्यावर सोडून उठू नये, हा नियम. त्या दिवसाचे राहिलेले अध्याय कसेबसे पुरे केले, तीर्थ घेतलं आणि घर गाठलं. नात घरात नव्हती. सौ. म्हणाली, "मघाशी चपला घालून गेली. फोन इथंच आहे." मुलगा कामावर, सून शाळेत. मी सायकल काढली. आधी तिच्या मैत्रिणीचं घर, मग स्टेशन, मग समुद्राचा रस्ता. त्या तासाभरात मी महाराजांजवळ सीट मागितली नाही. पहिल्या श्रेणीची वकिली मागितली नाही. फक्त पोर दिसू दे, एवढंच म्हणत होतो.

ती सुरूच्या झाडांखाली वाळूत बसली होती. समोर ओहोटी लागलेली. मी सायकल झाडाला टेकवून तिच्या शेजारी बसलो. दम लागला होता, बोलवेना.

"पारायण झालं एवढ्यात?" तिनं विचारलं.

"आजचं झालं."

थोड्या वेळानं ती म्हणाली, "आजोबा, मला मार्क कमी पडले त्याचं तितकं नाही. तुम्ही सगळ्यांना सांगून ठेवलंय. आता देवळात लोक मला विचारतील, तेव्हा मी काय सांगू?"

म्हणजे तिचं ओझं गुणांचं नव्हतंच. ते माझ्या जिभेचं होतं. आधी गावभर मिरवणाऱ्या आणि मग घरात टोचणाऱ्या.

मी म्हटलं, "बाळा, परवा मी बोललो ते चुकलं माझं." सहासष्टाव्या वर्षी हे वाक्य उच्चारणं किती कठीण आहे, ते आपल्यापैकी पुरुषांना ठाऊक असेल. मग जे कोणालाच सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं. बँकेत असताना आम्हां कारकुनांना सीएआयआयबी नावाची परीक्षा असायची. पास झालं की पगारवाढ मिळायची, पुढे बढतीलाही उपयोग. पहिला भाग मी सुटलो. दुसऱ्या भागाला तीनदा बसलो आणि तीनदा नापास झालो. घरी सांगितलं की कामामुळे परीक्षेला बसायलाच जमलं नाही. सहकारी पुढे गेले, अधिकारी झाले. मी निवृत्त होईपर्यंत त्याच काउंटरवर राहिलो आणि म्हणत राहिलो की मला बढती नकोच होती.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "आजीला माहीत आहे?"

"नाही."

"सांगू?" आणि दोन दिवसांत पहिल्यांदा ती हसली.

(हा अंक घरी आला की सौ. तो वाचणारच आहे. तेव्हा आता लपवायचं काही उरलं नाही.)

मी तिला आणखी एक सांगितलं, जे आपण सगळे शाळेत शिकलो आणि विसरलो. गांधीजी बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेला गेले, तिथं लंडन मॅट्रिकच्या परीक्षेत पहिल्या वेळी लॅटिनमध्ये नापास झाले. पुन्हा बसले, सुटले. बॅरिस्टर होऊन मुंबईला आले आणि पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले तर तोंडातून शब्द फुटेना. खाली बसले, दुसरा वकील करायला सांगितला. हे त्यांनी स्वतःच आत्मकथेत लिहून ठेवलं आहे. लपवलं नाही. मी तीनदा नापास झालो त्यापेक्षा तीस वर्षं लपवलं, ती माझी मोठी नापासी.

समोर ओहोटीचं पाणी बरंच मागे गेलं होतं. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूतानं यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, त्यांत समुद्र आहे. पावसाळ्यात सगळ्या नद्या येऊन मिळाल्या म्हणून तो फुगून मर्यादा सोडत नाही आणि उन्हाळ्यात नद्या आटल्या म्हणून तो सुकत नाही. आम्ही डहाणूकर जन्मभर या समुद्राकाठी राहिलो. ओहोटीला पाणी लांब जातं, नुसता चिखल आणि वाळू दिसते. नवखा माणूस म्हणेल, समुद्र गेला. पण म्हणून समुद्र थेंबभरही कमी झालेला नसतो, हे किनाऱ्यावरच्या पोरालाही कळतं. गुण आले म्हणजे भरती आणि गेले म्हणजे ओहोटी. ज्याच्यात ती येते-जाते ते पोर तेवढंच राहतं. हे मी तिला म्हणून दाखवलं नाही. उपदेश पुरे झाला होता. दोघं गप्प बसून राहिलो आणि अंधार पडायच्या आत घरी आलो.

आता एक प्रश्न, जो माझ्या मनात होता आणि आपल्यापैकी अनेकांच्या मनात असतो. एवढं पारायण बोललो, मग महाराजांनी का दिलं नाही? याचं उत्तर मला बँकेच्या भाषेतच सुचतं. पारायण म्हणजे मुदत ठेव नव्हे, की इतके अध्याय भरले आणि इतक्या तारखेला इतकी सीट व्याजासकट परत. आपण देवाशी असा करार करतो, तो आपणच लिहितो आणि सहीही आपणच करतो. महाराजांची सही त्यावर नसते. शिवाय माझ्या हिशेबात दुसरीही चूक होती. संध्याकाळी रुजवात जुळली नाही की आम्ही शोधायचो, रक्कम कुठल्या खात्यावर चुकून पडली. बहुतेक वेळा रक्कम बरोबर असायची, खातं चुकलेलं असायचं. माझंही तेच झालं. इच्छा माझी होती, नोंद पोरीच्या खात्यावर पडली होती. म्हणून निकाल तिचा लागला आणि तोटा मला झाला. आणि तो मी तिच्याकडून वसूल करायला निघालो.

अवधूताच्या चोवीस गुरूंत कपोत आहे. पिल्लं जाळ्यात सापडली, ते बघून कपोती जाळ्यात पडली, तिच्यामागून कपोतही पडला. पारध्याचं काम सोपं झालं. अतिमोह वाईट, हा अर्थ आपण सांगतोच. मला त्यात घरगुती अर्थही दिसतो. पोर दुःखात पडलं की आईबाप, आजीआजोबा सगळ्यांनीच त्यात उडी घ्यायची नसते. निदान एकजण जाळ्याबाहेर राहिला तर दोरी कुरतडायला कोणीतरी उरतं.

सप्ताहाचे उरलेले दिवस मी घरात एक नियम केला. निकालाविषयी कोणी आपणहून बोलायचं नाही. तिला बोलावंसं वाटलं तर ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही. हेही अवधूताकडूनच घेतलं. कुमारिका भात कांडत होती, हातातली कंकणं किणकिणू लागली, तेव्हा तिनं एकेक काढून शेवटी हातात एकच ठेवलं. आवाज थांबला. निकालानंतर घरात काका, मामा, आत्या, शेजारी अशी किती कंकणं वाजतात! नातीनं सांगितलं, मला फक्त बाबांशी बोलायचं आहे. ठीक. ते एक कंकण राहिलं, बाकी आम्ही काढून ठेवली. फोनवर चौकशी करणाऱ्यांना मीच सांगितलं, "निकाल अपेक्षेसारखा नाही, ती बरी आहे, पुढचं ठरलं की कळवतो." बस.

पौर्णिमेला जन्मकाळ झाला, प्रसाद घेतला. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच प्रश्नपत्रिका काढून माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, "आजोबा, तुम्ही हिशेबातले. बघा तरी कुठं गेले." आम्ही दोघांनी उत्तरतालिका घेऊन टिपण केलं. तिनं ११८ प्रश्न सोडवले होते. ६१ बरोबर, ५७ चूक. सत्तावन्न गुणिले पाव, म्हणजे सव्वाचौदा गुण वजा. त्यांतले कितीतरी प्रश्न तिनं शेवटच्या वीस मिनिटांत उतारा न वाचता अंदाजपंचे भरले होते. म्हणजे डोकं कमी नव्हतं. इंग्रजी वाचनाचा वेग कमी होता आणि वेळ संपत आल्यावर धीर सुटला होता. डोकं नाही, असं म्हणून मी मोकळा झालो होतो. कागदावर मांडलं तर दुखणं वेगळं निघालं, आणि त्यावर औषध होतं.

पुढे एक गंमतही झाली. त्याच परीक्षेच्या उत्तरतालिकेवरून विद्यार्थी न्यायालयात गेले. २० डिसेंबर २०२४ला दिल्ली उच्च न्यायालयानं दोन प्रश्नांच्या उत्तरांत चूक असल्याचं सांगितलं आणि पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं. आमच्या पोरीला त्यानं काही फरक पडणार नव्हता. पण मोजणाऱ्याचंही माप चुकू शकतं आणि ते दुरुस्त करायला न्यायालय लागतं, हे तिला आयतं शिकायला मिळालं. परीक्षा माणसंच काढतात आणि माणसंच तपासतात. तिला ब्रह्मलिखित समजू नये.

वकिलीची वाट एकच नाही, हेही मला तेव्हा कळलं. आपल्या राज्याची विधी सीईटी वेगळी असते. तिथं प्रश्न इंग्रजीबरोबर मराठीतही असतात आणि चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम, नाहीतर कुठलीही पदवी घेऊन तीन वर्षांचा. शेवटी बार कौन्सिलची सनद दोघांनाही एकच. नातीला मी या वेळी विचारलं, "तुला खरंच करायचं आहे का? माझ्यासाठी नको." ती म्हणाली, "विचार करून सांगते." तिला महिनाभर लागला. त्या महिन्यात मी तोंड उघडलं नाही, हे माझ्या आयुष्यातलं सर्वांत कडक अनुष्ठान.

तिनं हो म्हटलं. एप्रिलमध्ये सीईटी दिली. गुण मध्यम. नाव मोठं नसलेल्या, पश्चिम रेल्वेवरच्या एका साध्या कॉलेजात प्रवेश मिळाला. आता पहाटे अंधारात उठते आणि डहाणू लोकल पकडते. पुढे चांगली वकील होईल की नाही, मला ठाऊक नाही. तो हिशेब माझ्या खात्यावरचा नाही.

पण एवढं म्हणेन. आपल्या या तालुक्यांना कायदा जाणणाऱ्या माणसांची गरज आहे, मोठ्या विद्यापीठाच्या शिक्क्याची तितकी नाही. गोदावरी परुळेकर कायद्याची पदवी घेतलेल्या पहिल्या महाराष्ट्रीय स्त्रियांपैकी. मे १९४५मध्ये तलासरी भागातल्या झरी इथं वारली जमले आणि वेठबिगार करणार नाही म्हणाले, तेव्हा गोदुताई त्यांच्यात होत्या. त्यांचा राजकीय पक्ष आपल्याला पटो न पटो. कायद्याच्या परीक्षेत तुम्हाला गुण किती, असं त्यांना झरीच्या माणसांनी विचारलं नव्हतं. २००६च्या वनहक्क कायद्याखाली आजही दाव्यांचे कागद ग्रामसभेपुढे येतात. ते वाचून साध्या बोलीत सांगणारं माणूस हवं असतं. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या पाड्यावरची एक बाई अशीच नोटीस घेऊन आमच्या ओट्यावर आली. नात पहिल्याच वर्षात, तिला तरी किती कळणार? पण तिनं कागद दोनदा वाचला, तारीख कधीची आणि कुठं हजर राहायचं ते सांगितलं, आणि म्हणाली, "उरलेलं मला कळत नाही. मी सरांना विचारून उद्या सांगते." दुसऱ्या दिवशी सांगितलंही. मी आत बसून ऐकत होतो. "वकिलाला दाखवा" म्हणून मी ज्याला वाटेला लावलं होतं, तो म्हातारा मला आठवला.

आजीआजोबांनो, दोन-चार गोष्टी हात जोडून सांगतो. निकालाच्या दिवशी पोर जेवलं का, एवढंच बघा. बाकी सगळं दुसऱ्या दिवशी. नातवंडांची परीक्षा गावात जाहीर करू नका. आपण मिरवतो, मग उतरवून ठेवणं त्यांना जड जातं. आपण कुठं नापास झालो होतो ते एकदा तरी त्यांना सांगा. आपल्या यशापेक्षा त्याचा त्यांना जास्त आधार होतो. आणि पोर बोलेनासं झालं, झोपेना, जेवेना, "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास" असं म्हणू लागलं, तर त्याला एकटं सोडू नका आणि नुसत्या अंगाऱ्यावर राहू नका. डॉक्टरकडे न्या. सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६ या नंबरवर रात्रीबेरात्रीही बोलता येतं. मदत मागण्यात श्रद्धेला कमीपणा नाही. पोथीतल्या देवीनंही त्या मुलाला स्वतःजवळ बसवून ठेवलं नाही. पलीकडे कोण आहे ते सांगितलं आणि पाठवलं.

आणि महाराजांनी त्या मुलाला काय केलं ते पुन्हा एकदा वाचा. तुला काय येतं, असं विचारलं नाही. बापाचं नाव का घालवलंस, असं विचारलं नाही. आधी मस्तकावर हात ठेवला. विद्या नंतर आली. आपल्या घरातल्या मुलांच्या बाबतीत आपण क्रम उलटा लावतो. विद्या आधी दाखव, मग हात ठेवीन, असं म्हणतो.

माझा नवस फळला का, असं सौ.नं मला मध्यंतरी विचारलं. मी सीट मागितली होती, ती मिळाली नाही. पण दुसऱ्या दिवसाच्या वाचनात तो अध्याय समोर आला, आणि पोर सुरूच्या झाडांखाली सुखरूप सापडली. यंदा पुन्हा सप्ताहाला नाव दिलं आहे. संकल्पात मागणं काही नाही. तेवढी जीभ ताब्यात राहू दे म्हणजे झालं.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥